मुलं गुन्हा का करत नाहीत? जुन्या उत्तरांची तपासणी

वाचकाचं पत्र:

ताई, मी समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. गुन्हेशास्त्राच्या पेपरसाठी ‘सुरुवातीच्या सामाजिक नियंत्रण सिद्धांतांचं मूल्यमापन’ असा निबंध लिहायचा आहे. मी रीस, टोबी, नाय आणि रेकलेस या अमेरिकी अभ्यासकांची मतं क्रमाने मांडली आणि प्रत्येकाखाली गुण व दोष लिहिले. सरांनी निबंध परत दिला. म्हणाले, ‘हे वर्णन झालं, मूल्यमापन कुठे आहे?’ गुण-दोष सांगणं म्हणजे मूल्यमापन नाही का? माझी मैत्रीण तर म्हणते की हे सगळे सिद्धांत शेवटी आईवडिलांनाच दोष देतात, आणि नंतर हर्शीचा १९६९ चा सिद्धांत आल्यावर त्यांची गरजही उरली नाही. मग हे इतकं जुनं वाचायचं कशासाठी?
– एक विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

तुझे सर म्हणतात ते खरं आहे, पण त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं असतं तर तुझा वेळ वाचला असता. ‘संकल्पना संदिग्ध आहेत’, ‘नमुना मर्यादित आहे’, ‘पुढील संशोधनाला चालना मिळाली’ ही वाक्यं समाजशास्त्रातल्या कुठल्याही सिद्धांताखाली लिहिली तरी खपतात. त्यांतून त्या एका सिद्धांताविषयी काहीच कळत नाही. मूल्यमापन करायचं तर आधी विचारायचं, की हा सिद्धांत खोटा असता तर आपल्याला काय दिसलं असतं? आणि मग पाहायचं की, ज्याने तो मांडला त्याने अशा ठिकाणी पुरावा शोधला का, जिथे सिद्धांत खोटा ठरण्याची शक्यता होती? हे दोन प्रश्न तू तुझ्या चौघांना विचार. आज तुझ्या निबंधात ते एका रांगेत उभे आहेत, तसे मग राहणार नाहीत.

त्याआधी एक गोष्ट निबंधात ठळकपणे यायला हवी. या मंडळींनी प्रश्नच उलटा केला. त्या काळी अमेरिकेत गाजत होते ते समाजशास्त्रज्ञ मर्टनचा १९३८ चा लेख आणि कोहेनचं १९५५ चं टोळीसंस्कृतीवरचं पुस्तक. दोघांचा प्रश्न होता, मुलं गुन्ह्याकडे का वळतात? नियंत्रणवाद्यांनी विचारलं, बाकीची का वळत नाहीत? या प्रश्नाचं मूळ जुनं आहे. माणसाला धाक नसेल तर तो काय करेल, हे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ मध्ये विचारलं होतं. माणूस समूहापासून जितका सुटा होतो तितका तो फक्त स्वतःच्या हिताने चालतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खिमने १८९७ च्या आत्महत्येवरील ग्रंथात मांडलं होतं. शिकागोत शॉ आणि मॅके या संशोधकांनी १९४२ मध्ये दाखवलं की काही वस्त्यांमध्ये राहणारे लोक बदलले, एका देशातून आलेले गेले आणि दुसऱ्या देशातून आलेले राहायला आले, तरी बालगुन्हेगारीचं प्रमाण तिथे चढंच राहिलं. पण त्याच वस्त्यांमधली कितीतरी मुलं कधी न्यायालयाची पायरी चढली नाहीत. त्यांचं काय? प्रश्नाचा हा उलटा रोख मला या परंपरेची सगळ्यात मोठी कमाई वाटते. तिला मिळालेली उत्तरं त्या मानाने कच्ची आहेत, आणि ती कुठे कच्ची आहेत हे नेमकं दाखवणं म्हणजेच तुझा निबंध.

अल्बर्ट रीसपासून सुरू करू. १९५१ च्या लेखात त्याने शिकागोच्या बाल न्यायालयाने प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, सोडलेल्या १,११० गोऱ्या मुलांच्या नोंदी तपासल्या. त्याचं म्हणणं असं की वैयक्तिक आणि सामाजिक नियंत्रण अपुरं पडलं की बालगुन्हेगारी घडते. वैयक्तिक नियंत्रण म्हणजे आपल्या गरजा समाजाचे नियम न मोडता भागवण्याची क्षमता. सामाजिक नियंत्रण म्हणजे कुटुंब, शाळा, वस्ती यांची आपले नियम लागू करण्याची ताकद. मांडणी स्वच्छ आहे. आता आपला प्रश्न विचार. ही सगळी मुलं आधीच न्यायालयात पोहोचलेली होती, आणि रीस पाहत होता ते एवढंच की त्यांतली कोणती पुन्हा अडकतात. न अडकलेल्या मुलांशी तुलनाच नाही! प्रश्न होता ‘बाकीची का करत नाहीत’, आणि ‘बाकीची’ अभ्यासात नाहीतच. दुसरी अडचण याहून खोल आहे. शाळेचं नियंत्रण ढिलं असल्याची एक खूण त्याने धरली ती शाळा बुडवण्याची, आणि शाळा बुडवणं हे त्या न्यायालयाच्या दृष्टीने स्वतःच अपचार, म्हणजे बालगुन्हा, होतं. मग अपचार का झाला, तर नियंत्रण नव्हतं म्हणून. नियंत्रण नव्हतं हे कशावरून, तर अपचार झाला यावरून. वैयक्तिक नियंत्रण मोजायला त्याने वापरलेल्या मनोविकारतज्ज्ञांच्या अहवालांचंही तसंच. मुलाने काय केलं हे माहीत असलेल्या माणसाने त्याच्या मनाविषयी दिलेलं मत हा स्वतंत्र पुरावा होत नाही.

हा चक्राकार युक्तिवाद नीट ओळखायला शीक. या सगळ्या परंपरेत तो पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो.

जॅक्सन टोबीवर तू दोनच ओळी लिहिल्या असशील असा माझा अंदाज आहे, कारण बहुतेक पाठ्यपुस्तकं तेवढंच लिहितात. मला मात्र चौघांत तो सर्वांत नेमका वाटतो. १९५७ च्या लेखात त्याने म्हटलं की नियम पाळण्यात प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. शाळेत चांगली प्रगती असलेला मुलगा चोरीत सापडला तर शिक्षेबरोबर त्याचं पुढचं शिक्षण, नोकरी, नाव सगळं धोक्यात येतं. जो शाळेत आधीच मागे पडला आहे त्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं नसतं. इथपर्यंत सगळे सांगतात. पण टोबी पुढे जातो. गमावण्यासारखं काही नसलेला मुलगा जर अशा वस्तीत असेल जिथे त्याच्यासारखी दुसरी मुलं नाहीत, तर तो कदाचित नुसता दुःखी राहील, गुन्हेगार होणार नाही, कारण त्याला साथ मिळणार नाही. हे विधान पाहा. ते तपासता येतं आणि खोटंही ठरू शकतं. आपल्याच सिद्धांताला सीमा घालणारा माणूस मला विश्वासार्ह वाटतो. तू टोबीला एक अख्खं पान दे.

नाय तुला सोपा वाटला असेल. तो तसा नाही. एफ. आयव्हन नायने १९५८ च्या पुस्तकात नियंत्रणाचे प्रकार वेगळे केले: शिक्षा आणि देखरेखीतून येणारं थेट नियंत्रण, सदसद्विवेकातून येणारं आंतरिक नियंत्रण, आईवडिलांना वाईट वाटेल म्हणून माणूस स्वतःला आवरतो ते अप्रत्यक्ष नियंत्रण, आणि गरजा योग्य मार्गाने भागत असल्या की आडमार्गाची गरज न पडणं. पद्धतीतही त्याने मोठी उडी घेतली. न्यायालयाच्या नोंदी बाजूला ठेवून त्याने वॉशिंग्टन राज्यातल्या नववी ते बारावीच्या ७८० मुलामुलींना नाव न लिहिता प्रश्नावली भरायला लावली. पोलिसांच्या नजरेतून सुटलेले अपराधही त्यामुळे मोजमापात आले, आणि न्यायालय कोणत्या थरातल्या मुलांना जास्त पकडतं हा पूर्वग्रहही टळला. शिवाय त्यात मुली होत्या. हे तुझ्या निबंधात ‘गुण’ म्हणून नुसतं टांगू नकोस. रीसची पहिली अडचण नायने कशी सोडवली ते सांग.

आणि मग दाखव की दुसरी त्याला सुटली नाही. त्याने जेम्स शॉर्टबरोबर तयार केलेल्या मोजपट्टीत कोणते प्रश्न होते? परवान्याशिवाय गाडी चालवणं, कारणाशिवाय शाळा बुडवणं, दोन डॉलरपेक्षा कमी किमतीच्या वस्तू उचलणं, दारू विकत घेणं किंवा पिणं, मालमत्तेची मुद्दाम नासधूस, लैंगिक संबंध, आणि आईवडिलांना तोंडावर उलट बोलून त्यांचा अधिकार झुगारणं. हा शेवटचा प्रश्न पुन्हा वाच. कारण म्हणून मोजायचं आहे आईवडिलांशी असलेलं नातं, आणि परिणामाच्या यादीत आहे आईवडिलांना झुगारणं! या दोन्हींत संबंध सापडला तर नवल ते काय? यादीतले अपराधही बहुतेक सौम्य आहेत. त्यामुळे नायचे निष्कर्ष किरकोळ नियमभंगापुरते कदाचित ठीक असतील. मोठ्या शहरातल्या टोळीतल्या मुलाविषयी त्यांतून काही सांगता येतं का, हा प्रश्न टोबीने तेव्हाच विचारला होता.

आता तुझ्या मैत्रिणीचा आक्षेप. तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण या सिद्धांतांचा वापर आईवडिलांना, त्यातही आयांना, कोंडीत पकडण्यासाठी झाला आहे आणि आजही होतो. मूल वाकड्या वाटेला लागलं की ‘घरात लक्ष नव्हतं’ हे वाक्य तयारच असतं. एकट्याने मूल वाढवणाऱ्या बाईला तर ते जास्तच ऐकावं लागतं. म्हणून नायचा एक निष्कर्ष मी कुणालाही विसरू देणार नाही. आईवडील एकत्र राहतात पण घर दुःखी आहे, अशा घरांतल्या मुलांपेक्षा आईवडील विभक्त झालेल्या घरांतल्या मुलांमध्ये त्याला अपचार कमी आढळले. आईवडील एकत्र राहतात की नाही याला त्याने फारसं महत्त्व दिलं नाही, घरातल्या नात्याला दिलं. तसंच अप्रत्यक्ष नियंत्रणाचं. आई समोर नसताना मूल थांबतं ते तिच्याविषयी ओढ असल्यामुळे, ही कल्पना कडक शिस्तीच्या पुरस्कर्त्यांना मुळीच सोयीची नाही. तेव्हा मैत्रिणीला सांग की आक्षेप बरोबर आहे, पण त्याचा रोख या सिद्धांतांच्या ढोबळ वापराकडे हवा. मूळ मजकूर वाचला तर त्यातच त्या वापराविरुद्धचा पुरावा मिळतो. एक उणीव मात्र राहतेच. या सगळ्यांत मूल नुसतं घडवलं जाणारं आहे. चिडखोर, सतत भांडणाऱ्या मुलामुळे आईवडील थकून दूर जातात, ही उलटी दिशा एका वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत दिसूच शकत नाही.

काळाचा हा प्रश्न पुढे खरोखर तपासला गेला. १९८५ मध्ये लिस्का आणि रीड या संशोधकांनी दोन्ही दिशा एकदम मोजल्या. त्यांना आढळलं की आईवडिलांशी असलेल्या बंधाचा परिणाम अपचारावर होतो. शाळेच्या बाबतीत मात्र उलटं, अपचारामुळे शाळेची ओढ कमी होते. म्हणजे ‘शाळा सुटली म्हणून बिघडला’ असं आपण ज्याच्याविषयी म्हणतो, तो कदाचित बिघडला म्हणून शाळा सुटलेला असतो. निबंधात हा दाखला ज्या परिच्छेदात नाय येतो त्याच परिच्छेदात घाल. शेवटी ‘नंतरचं संशोधन’ अशी वेगळी खोली करू नकोस.

आणि आता वॉल्टर रेकलेस. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे आपल्याला जे पाहायला मिळतं ते सामाजिक शास्त्रात फार क्वचित मिळतं.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर रेकलेस, सायमन डिनिट्झ आणि एलेन मरे यांनी ओहायोतल्या कोलंबस शहरात, बालगुन्हेगारीचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या भागांत, सहावीच्या शिक्षकांना विचारलं: तुमच्या वर्गातला कोणता मुलगा कधीच पोलिसांच्या भानगडीत सापडणार नाही असं वाटतं? अशी १२५ ‘चांगली’ मुलं त्यांनी अभ्यासली. या मुलांची स्वतःविषयीची प्रतिमा चांगली होती, आणि ती प्रतिमाच त्यांना वस्तीच्या प्रभावापासून वाचवते असं त्यांनी १९५६ च्या लेखात म्हटलं. चार वर्षांनी १०३ मुलं पुन्हा सापडली. त्यांतली फक्त चार पोलिसांच्या किंवा बाल न्यायालयाच्या संपर्कात आली होती. शिक्षकांनी ‘बिघडण्याची शक्यता’ म्हणून निवडलेल्या दुसऱ्या, ‘वाईट’ गटातल्या मुलांपैकी ७० सापडली आणि त्यांतली २७ संपर्कात आली होती. १९६१ मध्ये रेकलेसने यावरून पूर्ण सिद्धांत उभा केला. माणसाला गुन्ह्याकडे ढकलणारे आणि ओढणारे जोर असतात, आणि त्यांना रोखणारं एक आतलं आणि एक बाहेरचं कुंपण असतं. आतलं म्हणजे चांगली आत्मप्रतिमा, निराशा पचवण्याची ताकद, जबाबदारीची जाण. बाहेरचं म्हणजे कुटुंब आणि समूह यांची पकड.

आकडे ऐकून प्रभावित व्हायला होतं. पण थोडं उकलून पाहू. निवड कुणी केली? शिक्षकांनी. वर्गात बसलेल्या मुलाला शिक्षक आपल्याविषयी काय मानतात हे कळत नसेल का? मग मुलाने ‘मी अडचणीत येणार नाही’ असं उत्तर दिलं तर ती त्याची आत्मप्रतिमा, की शिक्षकांचं मत त्याच्या तोंडून परत आलेलं? ‘चांगल्या’ गटातून पोलिसांकडे आधीच नोंद असलेली मुलं गाळली होती. ‘वाईट’ गटात अशी मुलं ठेवली होती. मग चार वर्षांनंतरच्या फरकाचा काही भाग पहिल्याच दिवशी ठरलेला होता. श्वार्ट्झ आणि टांग्री यांनी १९६५ पासून आत्मप्रतिमेच्या मोजणीवर असेच आक्षेप घेतले. त्यात मूळ सिद्धांताचीच एक सैल जागा आहे. आतलं कुंपण कमजोर असेल तर बाहेरचं सांभाळून घेतं, बाहेरचं मोडलं तर आतलं. मग मूल बिघडलं तरी स्पष्टीकरण तयार, नाही बिघडलं तरी तयार. कोणत्या जोराला कोणतं कुंपण पुरतं हे आधी सांगितलं नाही तर सिद्धांत कधीच हरत नाही, आणि कधीच न हरणारा सिद्धांत काही सांगतही नाही. रेकलेसने एक सीमा मात्र प्रामाणिकपणे घातली होती. तीव्र मानसिक विकृतीतून होणारे गुन्हे, आणि गुन्हा हाच जिथे रिवाज आहे अशा समूहातले गुन्हे आपला सिद्धांत समजावू शकत नाही असं त्याने म्हटलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. रेकलेस आणि डिनिट्झ यांनी आपल्या कल्पनेची परीक्षा प्रत्यक्षात घेतली. १९६० च्या दशकात कोलंबसच्या शाळांमध्ये त्यांनी सातवीतल्या ‘बिघडण्याची शक्यता’ असलेल्या मुलांची दोन गटांत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, वाटणी केली. एका गटाला खास प्रशिक्षित शिक्षक, आदर्श वर्तनाचे पाठ आणि आत्मप्रतिमा उंचावणारा वेगळा वर्ग मिळाला, दुसऱ्या गटाला नेहमीचा वर्ग. वर्ग मुलांना आवडला. आणि पोलिसांशी येणाऱ्या संपर्कात दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे त्यांनी स्वतः १९७२ मध्ये पुस्तक लिहून जाहीर केलं.

याचा अर्थ काय लावायचा, इथे तुझं मूल्यमापन दिसेल. आत्मप्रतिमा हे कारण नसून नुसती खूण होती, असा अर्थ लावता येतो. एका वर्षाच्या वर्गाने आत्मप्रतिमा खरी बदललीच नाही, असाही लावता येतो. माझं मत पहिल्याकडे झुकतं, कारण मूळ अभ्यासातच शिक्षकांचं मत आणि मुलाची प्रतिमा वेगळी केलेली नव्हती. तू दुसरीकडे झुकलीस तरी चालेल. मात्र कारण दे. हा प्रयोग तुझ्या चौघांच्या कामातली एकमेव खरी परीक्षा आहे, आणि तो बहुतेक विद्यार्थ्यांच्या निबंधात नसतो.

साइक्स आणि मॅट्झा या त्याच काळातल्या दोन अभ्यासकांना या यादीत घ्यायचं की नाही असा प्रश्न तुला पडला नसेल तर पडायला हवा. १९५७ मध्ये त्यांनी दाखवलं की अपचार करणारी मुलंही समाजाचे नियम मानतात. ती फक्त तेवढ्यापुरती पळवाट काढतात. माझा नाइलाज होता, कुणाचं नुकसान झालंच नाही, त्याला तसंच पाहिजे होतं, बोलणारे स्वतः कोण मोठे, मित्रांसाठी करावं लागलं. नियंत्रण काही वेळापुरतं निकामी कसं होतं याची ही सर्वांत चांगली मांडणी आहे. नाय आणि रेकलेस यांना नियंत्रण म्हणजे असतं किंवा नसतं एवढंच दिसलं. एक परिच्छेद पुरे.

हर्शीमुळे हे सगळे निकामी झाले का? १९६९ मध्ये ट्रॅव्हिस हर्शीने कॅलिफोर्नियातल्या रिचमंड भागातल्या चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती वापरून ओढ, बांधिलकी, गुंतलेपण आणि श्रद्धा (नियम पाळायला हवेत ही भावना) असे चार बंध मांडले. ओढ म्हणजे नायचं अप्रत्यक्ष नियंत्रण, बांधिलकी म्हणजे टोबीचं पणाला लागलेलं, श्रद्धेत आंतरिक नियंत्रण. त्याने फेकून दिलं ते रेकलेसचं ढकलणं-ओढणं. आपल्या सिद्धांतात वेगळ्या प्रेरणेची गरज नाही असं त्याने ठासून सांगितलं, आणि त्यामुळे त्याचा सिद्धांत अधिक काटेकोर झाला. पण किंमतही मोजली. गुन्ह्यात अडकलेल्या मित्रांचा प्रभाव आपण कमी लेखला हे त्यालाच कबूल करावं लागलं, आणि टोबीने तो प्रभाव बारा वर्षं आधी हिशेबात धरला होता. मुलींची माहिती हाती असताना त्याने मुख्य विश्लेषणातून मुली वगळल्या, आणि नायने त्या घेतल्या होत्या. नंतरचा काही मागच्यापेक्षा सगळ्याच बाबतींत पुढे असतो असं नाही; मैत्रिणीला हे उदाहरण दाखव.

टोबीची कल्पना तर अजून जिवंत आहे. ग्लूक दांपत्याने बॉस्टनमधल्या ५०० अपचारी आणि ५०० इतर मुलांवर गोळा केलेली जुनी माहिती सॅम्पसन आणि लॉब या संशोधकांनी पुन्हा उघडली आणि १९९३ मध्ये दाखवलं की मोठेपणी मिळालेली स्थिर नोकरी आणि चांगलं वैवाहिक नातं लहानपणीच्या अपचाऱ्यालाही गुन्ह्यापासून दूर नेतं. गमावण्यासारखं काही मिळालं की माणूस जपून वागतो, हे काळाच्या क्रमाने तपासलेलं उत्तर आहे.

एक आंधळी जागा मात्र चौघांचीही आहे. समाजशास्त्रज्ञ सदरलँडने १९४९ मध्ये प्रतिष्ठित कंपन्यांच्या गुन्ह्यांवर पुस्तक लिहिलं होतं. ते करणाऱ्यांकडे शिक्षण, कुटुंब, पद, गमावण्यासारखं सगळं होतं. टोबीच्या तर्काने त्यांनी गुन्हा करायलाच नको होता. चौघांनीही फक्त मुलांकडे, तेही बहुतेक मुलग्यांकडे पाहिलं, म्हणून हे त्यांच्या वाटेत आलं नाही.

आता निबंधाची मांडणी. लेखकांप्रमाणे परिच्छेद पाडू नकोस, अडचणींप्रमाणे पाड: तुलनेचा गट होता का, कारण आणि परिणाम वेगळे मोजले का, आधी काय घडलं हे कळतं का, आणि सिद्धांत कुठे हरू शकतो. प्रत्येक अडचणीत चौघांना आणून उभं कर. काही जण एका परिच्छेदात उत्तीर्ण होतील आणि दुसऱ्यात नापास. प्रत्येकाच्या वाट्याला सारख्या ओळी आल्या पाहिजेत असं नाही. शब्दमर्यादा आड आली तर हॉब्ज गाळ, दुर्खिम एका वाक्यात आण, हर्शी निम्मा कर. कोलंबसचा तो फसलेला प्रयोग मात्र पूर्ण लिही.